‘कसं झालं’चा रकाना

कापूस संपतो, पट्ट्या संपतात, मलमाच्या ट्यूबा तर दर महिन्याला संपतात. किस्से मात्र संपत नाहीत. मिलच्या दवाखान्यात मला आता एकोणीस वर्षं झाली, आणि कपाटात औषधं कमी, माणसांच्या भानगडी जास्त, अशी गत झाली आहे. घरी मुलगी म्हणते, आई, हे सगळं लिहून ठेव ना. म्हटलं, बाई, लिहूनच तर ठेवलंय, रजिस्टरमध्ये. फक्त खरं कोणी लिहू दिलं नाही!

मिल कागदाची. अमरावती आणि अकोल्याच्या मधे कुठंतरी. नाव सांगत नाही, नोकरी अजून शिल्लक आहे. गावोगावची रद्दी एका बाजूनं आत जाते आणि दुसऱ्या बाजूनं खोक्यांचा खाकी कागद होऊन बाहेर पडतो. मधे असतो ड्रायर. ड्रायर म्हणजे माणसाच्या उंचीची लोखंडी पिंपं, आत वाफ भरलेली, गरगर फिरणारी. त्यांच्यावरून ओला कागद पळत जातो आणि वाळतो. त्या पिंपाला हात टेकला तर कातडी तिथंच राहते. आणि पिंप आणि त्याच्यावरचं कापड यांच्या फटीत हात ओढला गेला, तर बोटं राहतात. बॉयलरला आम्ही पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, घालतो. कापूस निघाला की ट्रॅक्टर भरभरून पऱ्हाट्या येतात, त्यांची वाफ होते, आणि ती वाफ ज्याला लागते तो माझ्याकडे येतो.

माझ्या रजिस्टरला चार रकाने. नाव, वेळ, कुठं लागलं, कसं झालं. पहिले तीन सगळे नीट सांगतात. चौथ्याला एकोणीस वर्षांत एकच उत्तर मिळालं. "चुकून."

* * *

चुकून या शब्दाचे खरे मालक वासुदेवभाऊ. ड्रायरवरचा सगळ्यात जुना माणूस. कागद तुटला की ओल्या कागदाची अरुंद पट्टी करून ती एकेका पिंपावरून पुढं न्यायची असते, तेव्हा कुठं पूर्ण कागद परत चालू होतो. ही पट्टी लावायचं काम वासुदेवभाऊंइतकं झटपट कोणालाच जमत नाही. मशीन चालू, पिंपं फिरताहेत, आणि हा माणूस मधून असा हात घालतो की बघणारा आपलाच हात मागं ओढून घेतो. नियम आहे की मशीन हळू करा, मग हात घाला. पण मशीन हळू केली की ऑफिसातून फोन येतो, काय झालं म्हणून. त्या फोनपेक्षा त्यांना चटका बरा वाटायचा.

माझं नवं नवं होतं तेव्हाची गोष्ट. भाऊ आले, उजव्या कोपराजवळ भाजलेलं. कसं झालं? चुकून. पंधरा दिवसांनी परत आले, कोपर तोच, जागा तीच. कसं झालं? चुकून. चौथ्या वेळेस मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, भाऊ, चूक एवढी नेमानं कशी काय होते हो तुमची?

ते शांतपणे म्हणाले, "सिस्टर, हात जुना झाला. त्याले जागा माहीत हाये."

आता बोला. मी काय लिहिणार? चुकून लिहिलं.

* * *

सुरुवातीला मला भाजण्यापेक्षा जास्त त्रास झाला तो घरगुती डॉक्टरांचा. प्रत्येकाचा एकेक उपाय. कोणी टूथपेस्ट फासून यायचं, कोणी शाई, कोणी चुना, कोणी हळद आणि गोडंतेल. ते सगळं खरवडून काढेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला यायचा आणि पेशंटचा तर विचारूच नका. एकदा एक जण पंजाभर पेस्ट लावून आला. मी चिडून विचारलं, दात आहेत का तिथं? तर म्हणतो, थंडी वाटते ना बाप्पा लावल्यावर.

मी फर्मान काढलं. भाजलं की काहीही लावायचं नाही. वीस मिनिटं हात नळाखाली धरायचा, घड्याळ लावून, आणि मग माझ्याकडे यायचं. जो पेस्ट लावून येईल त्याला मी दारातून परत पाठवीन. पाठवलं कोणालाच नाही, पण आवाज असा लावला की सगळ्यांना खरं वाटलं.

मग आला मे महिना. इकडचा मे ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. प्रल्हाद म्हणून आमचा रिवाइंडरवरचा माणूस आहे, कागदाचे मोठे रोल कापून लहान करतो. जाडजूड, बडबड्या, पण माझा फार आज्ञाधारक. त्याच्या मनगटाला वाफेचा झोत लागला. त्यानं पेस्ट लावली नाही, शाई लावली नाही, माझं नाव घेत पळत जाऊन नळाखाली हात धरला. आणि अशी बोंब ठोकली की बॉयलरवरची माणसं खाली आली. टाकी पत्र्यावर, डोक्यावर दुपारचं ऊन, नळाला उकळी फुटायची बाकी होती! एकाच दिवशी एकाच जागेवर दोनदा भाजलेला माझ्या रजिस्टरात तो पहिला.

मला इतकं वाईट वाटलं की दुसऱ्याच दिवशी मी घरून रांजण आणला. दवाखान्यासमोरच्या कडुनिंबाखाली तिवईवर ठेवला, खाली तोटी बसवली, बाजूला खुर्ची. गारेगार पाणी. हा उपाय इतका चालला, इतका चालला की आठवड्याभरात भाजलेल्यांची रांग दुप्पट झाली. मला कळेना. मग एक दिवस एका खुर्चीवरच्या माणसाचा हात उलटापालटा करून पाहिला, तर कुठं एक डाग नाही.

म्हटलं, तुला कुठं भाजलं रे?

तो म्हणाला, "आज नाही भाजलं. पण बसून राहिलो आगाऊ."

* * *

लिमये साहेब आले त्या वर्षीच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. लिमये साहेब आमचे सेफ्टी ऑफिसर. पुण्याचे, तिशीतले, बिनलग्नाचे, शर्टाची मनगटापर्यंतची सगळी बटणं लावणारे. बोलणं इतकं शुद्ध की पहिल्या मीटिंगनंतर प्रल्हादनं मला विचारलं होतं, साहेब रागावले होते का खूश होते? माणूस मात्र मनापासून काम करणारा. रोज सकाळी पूर्ण मिल फिरायचे, वहीत लिहायचे.

आता हिवाळा म्हटला की वांगी, आणि वांगी म्हटली की भरीत. वाफेच्या पाइपवर गरम राहण्यासाठी जाड गुंडाळी असते. ती एका कोपऱ्यात, ड्रायरच्या मागं, कोणीतरी बरोबर सहा वांग्यांपुरती काढून ठेवलेली होती. कोणी ते विचारू नका. सकाळी दहाला वांगी पाइपवर ठेवायची, साडेबाराला सोलायची, कांद्याची पात आणि ठेचा डब्यातून यायचाच.

साहेब त्या दिवशी नेमके अकराला तिकडून गेले. वास आला. पुण्याच्या माणसाला तो वास भरताचा कसा कळणार? त्यांना वाटलं बेल्ट जळतोय. धावले आणि मशीन बंद करायला लावली. पूर्ण मिल एकदम गप्प झाली. सगळे टॉर्च घेऊन जळका बेल्ट शोधायला लागले, आणि ज्यांना ठाऊक होतं ते सगळ्यात मन लावून शोधायला लागले.

प्रल्हाद पाइपच्या सगळ्यात जवळ होता. त्यानं पाच वांगी रद्दीच्या ढिगात लोटली. सहावं उरलं आणि साहेब समोर आले. त्यानं ते पँटच्या खिशात घातलं! साहेब त्याच्यासमोर उभे राहून विचारताहेत, तुम्हाला वास कधीपासून येतोय, आधी कोणाला सांगितलं का, आणि हा सावधानमध्ये उभा. हो साहेब, नाही साहेब. डोळ्यांतून पाणी. साहेब नंतर मला म्हणाले, किती हळवा माणूस आहे, मशीन बंद पडली तर रडला.

अर्ध्या तासानं प्रल्हाद लंगडत माझ्याकडे आला. मांडीवर वांग्याच्या मापाचा फोड, देठासकट. कसं झालं विचारलं तर, चुकून! त्या दिवशी मात्र मी ऐकलं नाही. चौथ्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, "वांगं."

रजिस्टर साहेबांच्या सहीला जातं. ते वाचून साहेब स्वतः दवाखान्यात आले. मला वाटलं आता सगळ्यांवर कारवाई होणार. त्यांनी पाइप झाकून घ्यायला लावला, तिथं पाटी लावली, दम भरला, सगळं रीतसर झालं. जाताना दारात थांबले आणि हळूच म्हणाले, "सिस्टर, ते भाजल्यावर तेलात परततात, की तसंच कालवतात?"

* * *

आता या पुढचं जरा नीट ऐका, कारण इथून पुढं सगळं एकात एक आहे.

पुढच्या वर्षी, दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी, साहेबांनी गेटवर एक मोठी पाटी लावली. अपघाताविना दिवस, आणि पुढं आकडा. रोज सकाळी आकडा एकानं वाढवायचा. कोणालाही लागलं, भाजलं, रजिस्टरात नोंद झाली की आकडा शून्य. आणि दोनशे दिवस पूर्ण झाले तर मिलमधल्या प्रत्येकाला एकेक प्रेशर कुकर. पाच लिटरचा.

आकडा बदलायचं काम भीमरावभाऊंकडे. ते आमचे गेटवरचे. आधी ड्रायरवरच होते, वासुदेवभाऊंच्या जोडीला. मी यायच्या आधी कधीतरी त्यांचा उजवा हात कापडाच्या फटीत गेला होता आणि दोन बोटं तिथंच राहिली. मग कंपनीनं त्यांना गेट दिलं. उरलेल्या तीन बोटांनी ते रोज सकाळी तो पत्र्याचा आकडा काढायचे, दुसरा लावायचे, आणि कधी एक शब्द बोलायचे नाहीत.

कुकरची बातमी घरोघर पोचली आणि काय सांगू, बायकांनी दिवस मोजायला घेतले. प्रल्हादच्या बायकोनं तर जुना कुकर बहिणीला देऊन टाकला. पन्नास झाले, शंभर झाले, दीडशे झाले. माझ्याकडे कोणी येईना. रांजण भरून ठेवावा आणि संध्याकाळी झाडाला घालावा. साहेबांचा आनंद पोटात मावेना. मलाही वाटलं, चला, एकोणीस वर्षं ओरडून जे झालं नाही ते एका कुकरनं केलं.

मग एप्रिल लागला. बेचाळीस, त्रेचाळीस डिग्री. एका सकाळी मी गेटवर उभी होते आणि सहज पाहिलं. शिफ्टला जाणारे सगळे पूर्ण बाह्यांच्या शर्टात. एप्रिलमध्ये! आमच्याकडे एप्रिलमध्ये माणूस बनियनवर लग्नाला जाईल, आणि हे सगळे मनगटाला बटण लावून. मी प्रल्हादला अडवलं, म्हटलं, थंडी वाजते का रे? म्हणाला, फॅशन हाये सिस्टर. मी त्याच्या दंडाला हात लावला तर मागं सरला. मला समजलं, पण मी बोलले नाही. एकशे नव्वद झाले होते. दहा दिवसांनी कुकर मिळाला की आपोआप बाह्या वर होतील, असं मनाला सांगितलं. माझं चुकलंच ते. आज कबूल करते.

* * *

हनुमान जयंतीला मिलमध्ये रोडग्यांचं जेवण असतं. गेटच्या आत मारुतीचं छोटं देऊळ आहे, तिथं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, वरून वरण आणि वांग्याची भाजी. रोडगे भाजायचा मान वासुदेवभाऊंचा. ते निखाऱ्यातला रोडगा हातानं उलटतात. नुसत्या हातानं! लोक बघायला जमतात. दरवर्षी कोणीतरी म्हणायचं, भाऊ, चिमटा देऊ का, आणि दरवर्षी त्यांचं ठरलेलं उत्तर, माझ्या हाताले चटका लागत नाही.

त्या दिवशी पाटीवर एकशे शहाण्णव होतं. मी पत्रावळ घेऊन रांगेत उभी होते. समोर पाहते तर वासुदेवभाऊ चिमट्यानं रोडगे उलटताहेत. तेही डाव्या हातानं. उजवा हात शर्टाच्या बाहीत, वर टॉवेल गुंडाळलेला. सगळे हसत होते, भाऊ म्हातारे झाले म्हणून. मी पत्रावळ मागच्याच्या हातात कोंबली.

मी त्यांना देवळामागं नेलं आणि टॉवेल सोडला. काय सांगू तुम्हाला. चार बोटं पाठीमागून भाजलेली, सुजून एकमेकांना चिकटलेली, वर वाळलेली पेस्ट, आणि खालून पू. सहा दिवस झाले होते. कागद तुटला होता, चालू मशीनमध्ये पट्टी लावायला हात घातला, कापडानं ओढून घेतला, झटक्यानं काढला म्हणून बोटं तरी हातावर राहिली. त्यात माणसाला शुगर. मला इतका राग आला आणि इतकं रडू आलं की दोन्ही एकदम बाहेर पडलं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता अमरावती. बोटं काळी पडायला लागली तर डॉक्टर ठेवणार नाहीत, कापतील.

ते माझ्या पाया पडायला लागले. म्हणाले, "चार दिवस थांबा सिस्टर. माझ्यापायी सगळ्यांचा कुकर जाईन. लोकं मले गेटातून आत येऊ देणार नाहीत."

मी कितीही ओरडले तरी हा माणूस हलेना. बोटांपेक्षा त्याला तो आकडा मोठा झाला होता. तेवढ्यात मागं पाहिलं तर भीमरावभाऊ उभे. सगळं ऐकलेलं. एकोणीस वर्षांत मी त्यांना चार वाक्यं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनी स्वतःचा तीन बोटांचा हात वासुदेवभाऊंच्या डोळ्यांपुढं धरला.

म्हणाले, "मी दोन बोटं देऊन गेटवर बसलो. तू चार देशीन तं कोठी बसशीन? गेटवर एकच खुर्ची हाये बे."

आणि गेले. आम्ही बघतोय तोवर त्यांनी पाटीजवळ जाऊन एकशे शहाण्णव काढलं आणि शून्य लावलं. माझ्या रजिस्टरची वाटसुद्धा पाहिली नाही. जेवणाची पूर्ण पंगत घास हातात घेऊन बघत राहिली. वासुदेवभाऊ खाली मान घालून गाडीत बसले.

* * *

दुसऱ्या दिवशी मी घाबरतच कामावर गेले. म्हटलं, आज लोक आपल्याला फाडून खाणार. कुकर घालवला मी! प्रल्हादच्या बायकोचा तर सकाळी सातला फोन येऊन गेला होता, तो मी उचलला नव्हता.

दवाखान्यासमोर रांग होती. प्रल्हाद पुढं. त्यानं बाही वर केली. दंडाला तीन जुने चटके, एक अजून ओला. त्याच्यामागच्यानं केली. त्याच्यामागच्यानं. कोणाचं मनगट, कोणाचं कोपर, एकाची तर पूर्ण पोटरी. कुकरसाठी सगळ्यांनी सगळं दाबून ठेवलं होतं. आता शून्यच झालं, मग लपवायचं कोणासाठी? मी शिव्या देत देत अकरा जणांची ड्रेसिंगं केली, आणि मधूनमधून डोळे पुसले. लिमये साहेब रजिस्टर पाहून पांढरे पडले. म्हणाले, सिस्टर, एका दिवसात अकरा अपघात?

म्हटलं, नाही साहेब, हे दसऱ्याच्याही आधीपासूनचे आहेत.

साहेब खुर्चीत बसून रजिस्टरची पानं मागं मागं चाळत गेले. त्यांना कोणी रागावलं नव्हतं, पण तोंड तसंच झालं होतं. त्याच आठवड्यात त्यांनी मोठ्या साहेबांशी भांडून कुकरची योजना बंद केली, पट्टी लावायला दोरीची सोय करून घेतली म्हणजे हात घालायलाच नको, आणि कागद तुटला की मशीन हळू करायची, त्याबद्दल कोणीही ऑफिसातून फोन करायचा नाही, असा लेखी हुकूम काढला. पाटी काढायचीच होती, पण भीमरावभाऊंना रोज सकाळी काहीतरी लावायची सवय झालेली. तिच्यावर आता कॅन्टीनमध्ये आज कोणती भाजी आहे ते असतं.

* * *

वासुदेवभाऊंची बोटं वाचतील की नाही हे तीन आठवडे डॉक्टरसुद्धा सांगत नव्हते. मी ड्यूटी संपली की बसनं अमरावतीला उतरून, त्यांना तिथल्या दवाखान्यात बघून मग घरी जायची. मांडीची कातडी काढून बोटांवर लावली. त्यावर त्यांची काळजी अशी की आता जेवायला मांडी घातली तर हात दुखेल का. डॉक्टरांना तसं विचारलं त्यांनी, आणि डॉक्टरांनीही तोंड गंभीर ठेवून नाही म्हणून सांगितलं.

बोटं राहिली. पण वाकेनात. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. त्यांच्या बायकोनं, कमलाबाईंनी, तो नातवाला देऊन टाकला आणि यांच्यापुढं परात ठेवली. म्हणाल्या, दाबायचंच हाये तं कणीक मळा. चार महिने त्या घरातल्या पोळ्यांची कणीक भाऊंनी मळली. पहिल्या महिन्यात पोळ्या खाल्ल्या जात नव्हत्या म्हणे. तिसऱ्या महिन्यात शेजारणी विचारायला लागल्या, तुमच्या पोळ्या इतक्या मऊ कशा.

सगळं झालं, पण कामावर यायचं नाव काढेनात. मी विचारलं की म्हणायचे, दुखते अजून. दुखत नव्हतं, मला माहीत होतं. शेवटी एकदा म्हणाले, सिस्टर, हाताचं जाऊ द्या, लोकांच्या तोंडाकडे कसा पाहू? एकशे ऐंशी घरांचा कुकर खाल्ला मी.

* * *

पोळ्याच्या दोन दिवस आधी ते आले. उजवा हात खिशात. मी शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवरच होते. भीमरावभाऊंनी गेट उघडलं नाही. नुसतं म्हणाले, थांब. वासुदेवभाऊंचा चेहरा असा उतरला की मला भीमरावभाऊंचा राग आला.

एवढ्यात भोंगा झाला. सुटणारी शिफ्ट आणि येणारी शिफ्ट, दोन्ही गेटापाशी आल्या आणि उभ्या राहिल्या. मग प्रल्हाद पुढं झाला आणि त्यानं शर्टाची बाही कोपराच्या वर सरकवली, तीन डाग दाखवत. त्याच्या बाजूच्यानं सरकवली. मग एकेक करत सगळ्यांनी. जुने, नवे, काळे, गुलाबी, सगळे चटके त्या उन्हात उघडे. माझ्याच हातचे बरेचसे. भीमरावभाऊंच्या शर्टाला तर लांब बाही नव्हतीच, त्यांनी पंजा वर केला. आणि मग गेट उघडलं.

वासुदेवभाऊ आत आले.

तेवढ्यात लिमये साहेब मागून आले. त्यांनी हे सगळं पाहिलं. मग मनगटाचं बटण सोडलं, बाही दोन घड्या वर केली आणि हात पुढं धरला. मनगटाच्या आतल्या बाजूला एक जुना, लांबट फोडाचा डाग होता. गेल्या हिवाळ्यातला असावा, पाटीवर नव्वद-शंभर चालू असेल तेव्हाचा. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला एकदम प्रल्हादची मांडी आठवली. तोच आकार. देठसुद्धा.

वासुदेवभाऊंनी खिशातून उजवा हात काढला. साहेबांचं मनगट धरलं, पाचही बोटांनी, घट्ट. उजेडाकडे वळवून नीट पाहिलं.

"साहेब, हे कसं झालं?"

साहेबांनी प्रल्हादकडे पाहिलं. प्रल्हादनं बॉयलरच्या चिमणीकडे पाहिलं.

साहेब म्हणाले, "चुकून."